चौथ्या दिवसाचा वास

मॅडमनी मागची काच खाली केली आणि स्टीअरिंगमागच्या मुखरूने आरशातून मागे पाहिलं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. एप्रिल अर्धा सरला होता, बाहेर ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं आणि गाडीत एसी सुरू होता. अशा वेळी शहाणा माणूस काच उघडत नाही, आणि डॉक्टर नीलिमा मॅडम चांगल्या शहाण्या होत्या. ओढणी नाकाशी धरून बाहेरच्या झुडपी जंगलाकडे बघत बसल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मुखरूला वाटलं.

वास त्यालाही येत होता. एसी सुरू करून दहा मिनिटं झाली की तो यायचा. आधी गोडसर, मग आंबट, मग थेट टाळूला जाऊन भिडणारा. मोहाच्या दारूचा वास. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी होऊन तीस वर्षं उलटली, तरी हा वास न ओळखणारा माणूस जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

"एसी बंद करू का जी?" त्याने आरशातून विचारलं.

"असू द्या, मुखरूभाऊ. आज दाखवताय ना गाडी?"

"हाव जी. तुमची ट्रेनिंग सुटेपर्यंत करून आनतो."

मुखरू धानोऱ्याजवळच्या एका आरोग्य केंद्राची जीप चालवायचा. केंद्र सरकारी होतं, गाडी सरकारी होती, मुखरू मात्र कंत्राटी होता. म्हणजे गाडी बिघडली तर दुरुस्त करायची आणि मुखरू बिघडला तर बदलायचा, असा साधा हिशेब होता. तो बिघडला आहे अशी बातमी गेले तीन आठवडे गावभर फिरत होती.

बातमीला जुना आधार होता. आठ वर्षांपूर्वी मुखरू प्यायचा, आणि थोडीथोडकी नाही. मुलीच्या, रीताच्या साखरपुड्याला तो पंगतीतच पाहुण्यांच्या ताटांवर आडवा झाला होता. पाहुणे भले, त्यांनी सोयरीक मोडली नाही. पण रीता त्या दिवशी रडली नाही की ओरडली नाही, खाली बसून सांडलेलं वरण पदराने पुसत राहिली. मुखरूने त्यानंतर थेंबाला शिवलं नव्हतं. लोकांनी ते मान्य केलं होतं, म्हणजे बोलायचं सोडलं होतं. विसरलं कोणीच नव्हतं.

मागच्या शनिवारी चंद्रपुराहून औषधांची खोकी घेऊन येताना वैनगंगेच्या पुलापलीकडच्या नाक्यावर शिपायाने गाडीत डोकं घातलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने मुखरूला यंत्रात फुंकायला लावलं. यंत्राने शून्य दाखवलं. मुखरूचा जीव भांड्यात पडला, तो घटकाभरच. "तोंड साफ आहे, मंग गाडीत आहे कुठीतरी," असं म्हणून शिपायांनी मॅडमना खाली उतरवून सगळी खोकी रस्त्यावर मांडली. सलाईनच्या बाटल्यासुद्धा उन्हाला धरून पाहिल्या. सापडलं काहीच नाही. मॅडम अर्धा तास उन्हात उभ्या होत्या आणि शेजारून जाणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून गावाला नवा विषय मिळाला. मुखरू आता पीत नाही, विकतो. एसीच्या मागे बाटल्या लपवतो. डॉक्टरीणबाईची गाडी, कोण अडवणार? ही बातमी ड्रायव्हर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसापर्यंत, निकेशपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. काल त्याचा फोन आला होता. निकेश वयाने त्याच्या निम्मा, पण ड्रायव्हर ठेवायचे की काढायचे ते त्याच्या हातात होतं.

"भाऊ, उद्या चंद्रपूरले जाऊनच राह्यले तं गाडी दाखवून घ्या. वास गेला तं ठीक. नाई तं परवा सकाळी नवीन ड्रायव्हर येते, त्याले किल्ली देऊन द्या. वरून मले बोलनं बसून राह्यलं."

"मी पेलो नाई रे, बापू."

"मी कुठी म्हनलो?" निकेश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

निकेशचं एक वेळ सोडा. मुखरूला खरा घोर होता तो पेल्याचा.

दारू सोडली त्या दिवसापासून त्याच्या बायकोने, गुणाबाईने एक रीत पाडली होती. संध्याकाळी तो दारात आला की ती पाण्याचा पेला त्याच्या हातात द्यायची आणि त्याचं पिऊन होईस्तोवर अगदी जवळ, छातीला छाती लागेल इतकी जवळ उभी राहायची. त्याचा श्वास हुंगायची. तोंडाने कधी एक शब्द नाही. अशी पाच वर्षं गेली. मग एका संध्याकाळी तो आला तर पेला दाराजवळच्या कोनाड्यात भरून ठेवलेला होता आणि गुणाबाई आत भाकरी थापत होती. त्या दिवशी मुखरूने पेला उचलला, बाहेर जाऊन सांदीत उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. त्यानंतर तीन वर्षं पेला कोनाड्यातच असायचा.

त्या शनिवारपासून तो पुन्हा तिच्या हातात आला होता.

आणि मुखरूचा स्वतःवरचाही भरवसा उडत चालला होता. तो आपलाच सदरा काढून हुंगायचा. रात्री तळहातावर श्वास सोडून बघायचा. जुनी दारू हाडांत मुरलेली असते आणि म्हातारपण लागलं की घामावाटे निघते, असं कोणीतरी त्याला पूर्वी सांगितलं होतं. ते आता खरं वाटायला लागलं होतं.

चंद्रपुरात मॅडमना सोडून तो मूल रोडवर नूर मोहम्मदच्या गॅरेजात आला तेव्हा साडेअकरा झाले होते. नूरभाई साठीचा, बारीक अंगाचा, पांढरी दाढी राखलेला माणूस. गाड्यांचा गारवा हा त्याचा एकच धंदा. इंजिनात काही बिघाड असला तर तो बघायचासुद्धा नाही. "ते गरम खातं आहे, माहं थंड," असं म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवायचा.

"काय तकलीफ आहे?"

"वास येते जी. अन् हवा बी थंडी नाई येत. सुरवातीले येते, मंग दमून जाते."

"या आधी कोनाले दाखवलं?"

"एका जनानं गॅस भरून देल्ला दहा दिवसांआधी."

नूरभाईने कपाळावर हात मारला. "सब का इलाज गॅस. पोट दुखलं, गॅस भर. पाय मोडला, गॅस भर."

त्याने बॉनेट उघडलं, दोन पाईपांना दोन नळ्या जोडल्या आणि दाब मोजायची आपली दोन घड्याळं लटकवून इंजिन सुरू केलं. काटे थरथरत स्थिर झाले. त्याने जाड पाईप मुठीत धरला. पाईपवर दवासारखं पाणी फुटलं होतं. मग आत येऊन हवेच्या झरोक्यात थर्मामीटर खुपसला आणि पाच मिनिटं नुसता बघत बसला. मुखरू त्याच्या तोंडाकडे बघत होता. दवाखान्यात नातेवाईक डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात ते तो रोज बघायचा, आज तो स्वतः तसा उभा होता.

"गॅस भरपूर आहे. उलटा जास्तच झाला, तो काढून टाकतो. पाईप बर्फासारखा, अन् आत हवा एकोनीस. म्हंजे थंडावा बनून राह्यला, पन डॅशबोर्डातल्या पेटीत अडकून राह्यला." नूरभाईने पुढच्या डाव्या सीटखालची चटई दाबली. ती ओली निघाली. "पानी बी आतच सांडून राह्यलं. बरं, वास कसा आहे ते सांग. मोज्यासारखा, जळल्यासारखा, का सडल्यासारखा? एसीचं अर्धं दुखनं वासानं समजते."

मुखरूने ओली चटई उगाच चाचपली. एक शब्द होता, तो म्हटला की काम झालं असतं. पण तो शब्द तोंडातून काढायचा म्हणजे समोरचा पहिलं त्याच्याकडे बघणार, गाडीकडे नंतर. आठ वर्षांत त्याने तो शब्द उच्चारला नव्हता. शिमग्याला पोरं गाण्यात म्हणायची तेव्हासुद्धा तो उठून जायचा.

"गोड," तो म्हणाला.

"गोड?"

"गोडच म्हना न."

"आंबट नाई? कडू नाई?"

"गोडच."

"तुमाले येत नाई का?" असं मुखरूने भीत भीत विचारलं, तेव्हा नूरभाई हसला. "भाऊ, चाळीस वर्षं गॅस हुंगला. आता अत्तर बी लावतो तं बायकोले विचारतो, लागलं का. तू सांगशीन तेच खरं."

मग त्याने आपलं निदान सांगितलं. इंजिनात जे हिरवं पाणी असतं त्याला गोड वास येतो. ते पाणी हीटरच्या कॉइलमध्ये फिरतं, आणि हीटरची कॉइल एसीच्याच पेटीत, शेजारी बसवलेली असते. ती गळत असणार. तिचं गरम पाणी आत सांडतं, म्हणून चटई ओली, म्हणून हवा गरम, म्हणून वास गोड. सगळं जुळत होतं. कॉइल बदलायची तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस जातील.

"पाच वाजता मॅडम येतात जी! उद्या सकाळी नवीन ड्रायव्हर..."

"आयकून तं घे. चंद्रपुरात हीटर कोनाले लागते? त्याच्या दोन्ही नळ्या बाहेरच जोडून टाकतो. एक घंट्याचं काम."

नूरभाई पाने काढून बसला. मुखरू टायरवर बसला. एका तासात काम होणार होतं, पण त्याला ठाऊक होतं की हे ते नाही. गाडी घेऊन तो जाईल, मॅडम बसतील, दहा मिनिटांनी काच खाली येईल. नाक्यावर शिपाई डोकं घालेल. उद्या किल्ली जाईल. आणि गुणाबाई पेला घेऊन दारात उभी राहील, या वेळी तो नोकरी गमावून आलेला असेल, आणि मग ती काय हुंगणार? तिला हुंगायची गरजच उरणार नाही.

नूरभाईने हिरव्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि थांबला. "अजीब आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "पानी तं रेघेपर्यंत भरलेलं आहे. तू वरून टाकलं?"

"नाई."

"मंग गळून कुठी राह्यलं?"

मुखरू उठला. बोलला तेव्हा त्याचा आवाज त्याला दुसऱ्याचाच वाटला.

"नूरभाई, तो वास हिरव्या पान्याचा नाई. मोहाच्या दारूचा आहे."

नूरभाईने हातातला पाना खाली ठेवला.

"दारूचा बी नाई," मुखरू आता थांबेना. "दारू भट्टीतून उतरली का तिचा वास निराळा. ताज्या फुलाचा निराळा. फूल पान्यात टाकलं का पयल्या दिवशी गोड, दुसऱ्या दिवशी गुळावानी, तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, अन् चौथ्या दिवशी गोडाच्या खाली आंबट लागते. त्याले सडवा म्हनतात. मंग तो भट्टीवर चढवतात. हा वास चौथ्या दिवसाचा आहे. मी लई पेलो आहो जी. मी ओळखतो."

मग नूरभाई म्हणाला, "हे घंट्याभरापयले काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"वकिलापुढं, हकीमापुढं अन् मेकॅनिकपुढं लाज ठेवली तं मानूस मरते, बाप्पा." पण तो हे रागाने म्हणाला नाही. "गाडी उभी कुठी करतो?"

मुखरूने सांगितलं आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगत गेलं. केंद्राच्या आवारात एकच मोठं झाड, मोहाचं. सावलीसाठी गाडी त्याच्याखाली. झाड सरकारी, पण त्याची फुलं मंगलीच्या घरची, हे तिच्या आजेसासूपासून ठरलेलं. मार्च लागला की मंगली पहाटे टोपली घेऊन यायची, खालची फुलं वेचायची, बॉनेटवरचीही वेचायची, आणि काचेच्या बुडाशी वायपरखालच्या फटींत गेलेल्या फुलांकडे बघून रोज कुरकुरायची. 'भाऊ, माही शेरभर फुलं तुमची गाडीच खाते.' मुखरू हसायचा. ती अक्षरशः खरं बोलत होती.

"त्या फटीतूनच हवा आत जाते," नूरभाई म्हणाला. "पन मधात जाळी रायते न. फूल जाईन कसं?" तो वाकला, डाव्या बाजूचा कप्पा उचकटला, आत बॅटरी मारली. "जाळी कुठी आहे?"

मुखरू खाली बघायला लागला. मागच्या उन्हाळ्यात धुळीने जाळी बुजली होती, हवा कमी येत होती. मॅडमना गरम होऊ नये म्हणून त्यानेच ती काढून फेकली होती. हवा कशी जोरात यायला लागली म्हणून चार जणांना सांगितलंही होतं.

"वा रे वा. दरवाजा तूच काढून फेकला, अन् आता म्हनतो घरात जंगल घुसलं."

नूरभाई गाडीखाली सरपटत गेला. पेटीतलं पाणी बाहेर पडायची एक रबरी नळी असते, तिच्यात त्याने तार सारली. तार अडली. त्याने पिळली, ओढली, पुन्हा सारली. मग एकदम गढूळ, तपकिरी पाण्याची धार फरशीवर पडली, आणि अख्ख्या गॅरेजात तो वास भरला. कुठून आल्या कोण जाणे, दोन मिनिटांत माश्या घोंघावायला लागल्या. मुखरू भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्याला कळेना. तो वास त्याचा नव्हता. त्याच्या हाडांतून काही निघत नव्हतं. हे ओरडून सांगावं तर समोर फक्त माश्या होत्या.

नूरभाईने पंखा उतरवला, कप्प्यामागचं झाकण काढलं. आत कॉइलच्या अंगावर बोटभर जाडीचा चिकट लगदा बसला होता. खाली काळं पडलेलं जुनं, वर कालपरवाचं पिवळसर. तो हात घालणार तोच थबकला. दुपारच्या अजानचा आवाज आला होता.

"भाऊ, एक गोष्ट सांग. ही शराब झाली का अजून फूलच आहे?"

"व्हाचीच आहे. पन झालीच समजा."

"मंग हे तूच काढ. मले नमाजाले जा लागते." त्याने एक पत्र्याचा डबा मुखरूपुढे ठेवला, साबणाने तीनदा हात धुतले आणि टोपी घालून निघून गेला.

गॅरेजात मुखरू एकटा राहिला.

त्याने बाही वर केली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. लगदा कोमट होता. मूठ भरून त्याने तो डब्यात टाकला, पुन्हा हात घातला. तिसऱ्या मुठीला त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. आधी त्याने ओळखलंच नाही, वाटलं तहान लागली. मग जबड्याच्या कोपऱ्यात ती जुनी कळ उठली. डब्याच्या तळाशी रस सुटत होता. माणूस इतका हलकट असू शकतो हे मुखरूला आठ वर्षांनी पुन्हा कळलं. ज्या घाणीने त्याची अब्रू घेतली, तिच्याकडेच त्याचं तोंड वळत होतं. मन मात्र गोड बोलत होतं. हे काही दारू नव्हे, फुलंच तर आहेत. चौथ्याच दिवसाचं आहे का हे पक्कं करायचं तर चाखावं लागतं. एक बोट. यंत्रात येणार नाही.

बोट ओठापर्यंत आलं होतं.

रस्त्यावर कुठल्यातरी ट्रकने कर्कश भोंगा वाजवला. मुखरूने हात झटकला, पँटवर खसाखसा पुसला, नळाखाली तोंड धरलं आणि पोट फुटेस्तोवर पाणी प्यायला. मग परत येऊन तोंडाने श्वास घेत, मान फिरवून, उरलेला लगदा काढला. नूरभाई परतला तेव्हा कॉइल स्वच्छ दिसत होती आणि मुखरू उन्हात, गाडीपासून चांगला दहा पावलं लांब बसला होता.

"तबेत खराब झाली का?"

"नाई जी. वासानं."

नूरभाईने कॉइल औषधाने धुतली, नळी फुंकून साफ केली, नवी जाळी बसवली. वरच्या फटीखालीही बारीक तारेचा तुकडा कापून लावला. मग इंजिन सुरू केलं. थर्मामीटरचा काटा उतरत उतरत आठवर आला आणि तिथे थांबला. दोघं काचा बंद करून वीस मिनिटं आत बसले. वास आला नाही. नूरभाईच्या नाकाला काय येणार म्हणा, पण तोही मोठ्या इमानाने हुंगत होता.

पाच वाजता मॅडम आल्या. मुखरूने मागे जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला लगदा दाखवला. मॅडम वाकून बघत राहिल्या. आधी हसल्या, पोट धरून हसल्या. मग ओढणी सावरली.

"मुखरूभाऊ, मलाही वाटलं होतं. शनिवारी. नाही वाटलं म्हणाले तर खोटं होईल."

"वाटनारच जी," मुखरू म्हणाला. "मले बी वाटत होतं."

मॅडमनी तिथूनच निकेशला फोन लावला आणि नवा ड्रायव्हर नको म्हणून स्वच्छ सांगितलं. मुखरूने पिशवी जपून सीटखाली ठेवली. ती गावाला दाखवायची होती. मुख्य म्हणजे गुणाबाईला.

व्याहाड गाठलं, पुढे वैनगंगेचा पूल दिसला, आणि मुखरूने गाडी करकचून थांबवली. पुलापलीकडे नाका होता. आणि त्याच्या सीटखाली, बंदीच्या जिल्ह्यात न्यायला, मोहाच्या सडव्याची पिशवी होती. आपल्या निर्दोषपणाचा एकुलता एक पुरावा घेऊन तो सरळ तुरुंगात चालला होता.

"मी सांगेन त्यांना," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे द्या पिशवी."

"नाई जी. एक डाव तुमाले उन्हात उभं केलं." तो उतरला, रस्त्याच्या कडेला खाली गेला आणि पिशवी एका झुडपाच्या बुडाशी रिकामी केली. मातीने रस लगेच पिऊन टाकला. मुखरू मातीने हात घासून वर आला.

नाक्यावर तोच शिपाई होता. त्याने आत डोकं घातलं, नाक वर केलं, सीटखाली पाहिलं, यंत्र पुढे धरलं. शून्य.

"आज वास नाई?"

"होता जी," मुखरू म्हणाला. "काढून टाकला."

घरी पोचला तेव्हा अंधार पडला होता. गुणाबाई दारात पेला घेऊन उभी होती. ती जवळ आली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दिवसभर तो वास त्याच्या सदऱ्यात, बाह्यांत, नखांत मुरला होता. इतका वास त्याच्या अंगाला गेल्या आठ वर्षांत कधी आला नव्हता. पुरावा पुलाजवळच्या मातीत गेला होता.

"अवो..." तिने पेला मागे घेतला.

मुखरूने सगळं सांगितलं. मंगलीची फुलं, फेकलेली जाळी, नूरभाई, नळी, लगदा. तिने ऐकलं. पण असल्या सुरस कथा तिने पूर्वीही पुष्कळ ऐकल्या होत्या, आणि मुखरू चांगला कथेकरी होता. तिचे डोळे त्याच्या तोंडावरून हलत नव्हते. मॅडमला विचार म्हणावं, असं त्याच्या ओठावर आलं, पण तो निराळंच बोलला.

"गुणा, हात आत होता तवा माह्या तोंडाले पानी सुटलं. बोट इथपर्यंत आनलं होतं." त्याने ओठाला बोट लावून दाखवलं. "घेतलं नाई. पन आनलं होतं."

गुणाबाई बघत राहिली. पिऊन आलेल्या नवऱ्याने असं कधी सांगितलं नव्हतं. तिने पेला त्याच्या हातात दिला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "सदरा काढून द्या. भिजू घालतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा घरातून भाकरीचा वास येत होता. गावात सकाळीच मंगलीने सगळ्यांना हसून हसून सांगितलं होतं, निकेशचाही फोन येऊन गेला होता, जीप आता दवाखान्याच्या पत्र्याखाली उभी होती. आणि पेला कोनाड्यात भरून ठेवलेला होता.

मुखरू त्याच्याकडे बघत उंबऱ्यात उभा राहिला. मग त्याने पेला उचलला आणि तसाच आत नेला. गुणाबाईचे हात पिठाचे होते.

"घेतला नाई?" तिने विचारलं.

"हातानं दे," मुखरू म्हणाला. "अन् जवळ उभी राय."

तिने वर पाहिलं. पीठ झटकून उठली, त्याच्या हातातून पेला घेतला आणि परत त्याला दिला, आणि तो सगळं पाणी पिऊन होईस्तोवर जवळ उभी राहिली.